मुंबईत रिफायनरी, तरी पेट्रोल दिल्लीत स्वस्त: पंपावरच्या आकड्याचा हिशेब

मुंबईत माहुलला शेजारी-शेजारी दोन रिफायनऱ्या आहेत, एक भारत पेट्रोलियमची आणि एक हिंदुस्तान पेट्रोलियमची. दिल्ली शहरात एकही नाही. तिथल्या लोकांना जवळची म्हणजे मथुरा किंवा पानिपत. तरीही 1 जुलै 2024 रोजी मुंबईत पेट्रोल 103 रुपये 44 पैसे लिटर होतं आणि त्याच दिवशी दिल्लीत 94 रुपये 72 पैसे. टाकीत पडणारं पेट्रोल तेच आणि देशही तोच. परभणीकर तर मुंबईचा दर ऐकून हसतात, कारण राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलचा मान बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला येतो.

'कच्चं तेल महागलं म्हणून पेट्रोल महागलं' एवढ्यावर हे कोडं सुटत नाही. कच्चं तेल सगळ्यांसाठी एकाच भावात येतं. पंपावरचा आकडा तयार होईपर्यंत त्यावर चार जणांचे हात फिरतात, जागतिक बाजार, तेल कंपन्या, केंद्र सरकार आणि राज्य सरकार, आणि दर वाढला की यातला प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. पुढे आकडे बरेच आहेत. पण ते नीट पाहिल्याशिवाय कुणाचं बोट खरं हे कळायचं नाही.

एका लिटरची चिरफाड

दिल्लीचा 94.72 हा दर सोयीचा आहे, कारण त्याचे तुकडे स्वच्छ दिसतात. पेट्रोलची मूळ किंमत 55 रुपये 46 पैसे. ते पंपापर्यंत आणायचा वाहतूक खर्च 20 पैसे. केंद्राचं उत्पादन शुल्क 19 रुपये 90 पैसे. पंपचालकाचं कमिशन सरासरी 3 रुपये 77 पैसे. आणि या सगळ्याच्या बेरजेवर दिल्ली सरकारचा 19.4 टक्के व्हॅट, म्हणजे 15 रुपये 39 पैसे. बेरीज करून पाहा, बरोबर 94.72 येते.

यातली एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. राज्याचा कर नुसत्या पेट्रोलवर लागत नाही. केंद्राच्या शुल्कावरही लागतो आणि पंपचालकाच्या कमिशनवरही लागतो. करावर कर, तोही अगदी कायदेशीर.

आता मुंबई. 1 जुलै 2024 पासून इथला पेट्रोलवरचा व्हॅट 26 वरून 25 टक्क्यांवर आला. अर्थसंकल्पातल्या त्या घोषणेने पेट्रोल 65 पैशांनी आणि डिझेल 2 रुपये 7 पैशांनी उतरलं. पण महाराष्ट्रात टक्केवारीच्या वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळा अधिभार आहे. दोन्ही धरले तर मुंबईकर लिटरमागे राज्याला सुमारे 24 ते 25 रुपये देत होता आणि दिल्लीकर 15. दोन शहरांच्या दरातला पावणेनऊ रुपयांचा फरक इथेच संपला. रिफायनरी दारात असून काय उपयोग, वाहतूक मुळात वीस पैशांची!

परभणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथलं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येतं. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. मनमाडपर्यंत मुंबईहून पाइपलाइन आहे, पुढे रस्ता. पाइपलाइनने तेल नेणं स्वस्त आणि टँकरने महाग, म्हणून डेपोपासून जो जिल्हा लांब त्याच्या दरात पैसे चढत जातात.

कच्चं तेल आणि डॉलर

कच्चं तेल पिंपाच्या हिशेबात विकलं जातं आणि एक पिंप म्हणजे 159 लिटर. आपण गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये मोजतो. समजा तेल 80 डॉलर पिंप आहे आणि डॉलर 84 रुपयांना. गुणाकार करून 159 ने भागा: लिटरला 42 रुपये 26 पैसे. तेल एका डॉलरने चढलं की लिटरमागे साधारण 53 पैसे वाढतात. तेल जागच्या जागी राहिलं आणि रुपया डॉलरमागे एका रुपयाने घसरला, तरी 50 पैसे वाढतात. म्हणजे टीव्हीवर रुपयाच्या घसरणीची बातमी लागते तीही तुमच्या टाकीचीच बातमी असते.

हाच हिशेब जून 2014 ला लावून पाहा. तेव्हा भारत घेत असलेलं कच्चं तेल 109-110 डॉलरच्या घरात होतं आणि डॉलर साठ रुपयांच्या आसपास. लिटरला साडेएकेचाळीस रुपये. दहा वर्षांनी तेल ऐंशी डॉलरच्या आसपास उतरलं, पण डॉलर 84 वर गेला आणि लिटरला पडले सव्वाबेचाळीस. 'तेव्हा तेल 110 डॉलर होतं तरी पेट्रोल स्वस्त होतं, आता तेल 80 डॉलर असून महाग कसं?' हा कट्ट्यावरचा आवडता प्रश्न. त्यातला अर्धा भाग डॉलरने खाल्लेला असतो. रुपयात मोजलं तर कच्चं तेल दोन्ही वेळी जवळपास सारख्याच भावाचं होतं.

उरलेला अर्धा मात्र खरा आहे. त्या जूनमध्ये दिल्लीत पेट्रोल 71-72 रुपये होतं आणि 2024 च्या जुलैत 94.72. यातला सगळ्यात मोठा एकच तुकडा शोधायचा तर तो उत्पादन शुल्काचा: 2014 मध्ये 9 रुपये 48 पैसे, 2024 मध्ये 19 रुपये 90 पैसे.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो. मूळ किंमत म्हणजे कच्च्या तेलाचा खर्च अधिक रिफायनरीचा खर्च, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्याकडे रिफायनरीच्या दारातली किंमत वेगळ्या रीतीने लावतात. हेच पेट्रोल परदेशातून तयार आणलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, याला 80 टक्के वजन, आणि बाहेर विकलं असतं तर काय मिळालं असतं, याला 20 टक्के. रंगराजन समितीने 2006 मध्ये सुचवलेली ही पद्धत. आपल्याकडे वर्षाला 25 कोटी टनांहून जास्त तेल शुद्ध करायची क्षमता आहे, आपण पेट्रोल-डिझेल निर्यातही करतो, तरी आपल्या पंपावरची मूळ किंमत आखातातल्या तयार पेट्रोलच्या बाजारभावावर टांगलेली असते. त्यामुळे कधी कच्चं तेल शांत असतं आणि तयार डिझेल मात्र जगभर टंचाईने उसळलेलं असतं. 2022 च्या मध्यावर तर कच्चं तेलही महाग होतं, पण तयार डिझेल त्याच्याही पुढे पळालं होतं.

केंद्राचा हात: उतरत्या बाजारात वर जाणारा

केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेले रुपये असतं. टक्केवारी नाही. पेट्रोल 60 झालं काय आणि 120 झालं काय, शुल्काचा आकडा आपण होऊन हलत नाही. तो वाढवायचा तर सरकारला अधिसूचना काढावी लागते, आणि ती केव्हा काढली जाते यातच सगळी गंमत आहे.

2014 च्या मध्यानंतर कच्चं तेल कोसळायला लागलं. जानेवारी 2016 मध्ये ते तीस डॉलरच्याही खाली गेलं होतं. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात पेट्रोलवरचं शुल्क नऊ वेळा वाढलं आणि 9.48 चं 21.48 झालं. तेल उतरलं ते तुमच्यापर्यंत यायच्या आधीच वाटेत वळवलं गेलं. पंपावरचा दर फार वाढला नाही, म्हणून ओरडही झाली नाही.

2020 मध्ये तेच पुन्हा घडलं, या वेळी जास्त मोठ्या प्रमाणावर. लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या, विमानं उभी. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा वायदा चक्क शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे मार्चमध्ये शुल्क 3 रुपयांनी वाढलं आणि मे महिन्यात पेट्रोलवर एका फटक्यात 10, डिझेलवर 13 रुपये. पेट्रोलवरचं शुल्क जवळपास 33 रुपये झालं. त्या दिवशी पंपावरचा दर या वाढीने हलला नाही, कारण स्वस्त तेलाने ती पोटात घेतली. जूनपासून तेल वर यायला लागलं तेव्हा शुल्क होतं तिथेच राहिलं आणि पंपावरचा दर रोज थोडा थोडा चढत गेला. 24 जून 2020 ला तर दिल्लीत डिझेल पेट्रोलच्याही पुढे गेलं. डिझेल स्वस्त म्हणून डिझेल गाडी घेतलेल्यांनी तो दिवस लक्षात ठेवला असेल.

पुढे कपातही झाली. नोव्हेंबर 2021 मध्ये पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपये, मे 2022 मध्ये 8 आणि 6. तेव्हा 19.90 हा आकडा आला. एप्रिल 2025 मध्ये तेल पुन्हा घसरलं आणि शुल्क लगेच 2 रुपयांनी वर गेलं, पंपावरचा दर तसाच. पद्धत आता तुमच्या लक्षात आली असेल.

या 19.90 चं पोट फाडलं तर आणखी एक गोष्ट सापडते. मूळ उत्पादन शुल्क त्यात फक्त 1 रुपया 40 पैसे होतं. बाकी 11 रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, अडीच रुपये कृषी पायाभूत उपकर आणि 5 रुपये रस्ते उपकर. केंद्राच्या करांतला 41 टक्के वाटा राज्यांना मिळतो असं वित्त आयोगाच्या हवाल्याने सांगतात, पण वाटणी होते ती फक्त मूळ शुल्काची. उपकर आणि अधिभार वाटणीत येत नाहीत. म्हणजे त्या 19 रुपये 90 पैशांतले सुमारे 57 पैसे सगळ्या राज्यांत मिळून वाटले जात. मग राज्यं आपल्या व्हॅटला घट्ट धरून का बसतात हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

केंद्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. 2005 ते 2010 च्या दरम्यान तेव्हाच्या सरकारने पेट्रोल-डिझेल स्वस्त ठेवलं, पण तोटा भरून काढायला तेल कंपन्यांना रोख पैसे न देता रोखे, म्हणजे पुढे फेडायचे कर्जाचे कागद, दिले. 2014 मध्ये त्यातले सुमारे 1.3 लाख कोटी रुपयांचे रोखे फेडायचे बाकी होते. तेव्हाची स्वस्ताई उधारीची होती, एवढं मान्य करायलाच हवं. पण वाढलेल्या शुल्काचं सगळं ओझं त्या रोख्यांवर टाकणं हेही खरं नाही. एकट्या 2020-21 मध्ये केंद्राला इंधनावरच्या उत्पादन शुल्कातून साडेतीन लाख कोटींहून जास्त मिळाले, म्हणजे सगळ्या रोख्यांच्या मुद्दलाच्या दुपटीहून जास्त, एका वर्षात.

राज्याचा हात: न हलवता वाढणारा

व्हॅट टक्केवारीत असतो, म्हणून तो केंद्राच्या उलट चालतो. मूळ किंमत 10 रुपयांनी वाढली की 25 टक्के दराने राज्याचे अडीच रुपये आपोआप वाढतात. मंत्रालयात कुणाला कागदही हलवावा लागत नाही आणि 'आम्ही कर वाढवला नाही' असं खरं खरं सांगताही येतं. केंद्राने शुल्क कमी केलं की राज्याचाही थोडा वाटा आपोआप घटतो. तेव्हा मात्र ती राज्याने केलेली कपात म्हणून सांगायचा मोह होतो.

आपल्या राज्याच्या अधिभाराचा इतिहास मजेशीर आहे. 2015 मध्ये दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर 2 रुपये बसले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद करायला लावली, महसूल बुडाला, आणि एप्रिलमध्ये पेट्रोलवर 3 रुपये चढले. दारू न पिणाऱ्या स्कूटरवाल्याने दारूचा बुडालेला कर भरला! जुलै 2022 मध्ये राज्याने पेट्रोल 5 आणि डिझेल 3 रुपयांनी स्वस्त केलं, मुंबईत 111.35 चं पेट्रोल 106.31 वर आलं. अधिभार 10.12 वरून 5.12 झाला तो तेव्हा.

सीमेवरच्या लोकांना हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. बांदा-सावंतवाडीचा माणूस गोव्यात कामाला गेला की टाकी तिकडेच भरून येतो. गोव्यात 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला होता आणि पेट्रोल एकदम अकरा रुपयांच्या आसपास स्वस्त झालं होतं. ते दिवस गेले, जून 2024 मध्ये तिथला व्हॅट साडेएकवीस टक्के झाला, तरी महाराष्ट्रापेक्षा तिकडे कमीच. कोल्हापूरहून बेळगावकडे जाणारा ट्रकवाला कर्नाटकातलं डिझेल स्वस्त होतं तेव्हा निपाणीपर्यंत काटा खाली येऊ द्यायचा, नवापूर-तलासरीकडचा गुजरातचा पंप गाठतो. आपल्या बाजूचे सीमेवरचे पंपवाले मात्र रिकाम्या नोझलकडे बघत बसतात.

'एकदाचं जीएसटीत टाका' हा उपाय प्रत्येक दरवाढीत निघतो. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन बाहेर ठेवलं गेलं. सप्टेंबर 2021 मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि तिथेच मिटला. का मिटला ते दिल्लीच्या आकड्यावरून कळतं: मूळ किंमत, वाहतूक आणि कमिशन मिळून 59 रुपये 43 पैसे, त्यावर जीएसटीतला आजचा सगळ्यात जड 40 टक्क्यांचा दर लावला तरी पेट्रोल सुमारे 83 रुपयांना पडतं. लिटरमागे साडेअकरा रुपये केंद्र आणि राज्य मिळून सोडणार कोण? व्हॅट वसुलीत देशात सगळ्यात पुढे असलेला महाराष्ट्र तर नाहीच.

दर रोज बदलतो म्हणे

पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू होतो. हे झालं कागदावरचं. आता प्रत्यक्ष: 4 नोव्हेंबर 2021 च्या शुल्ककपातीनंतर कंपन्यांनी 137 दिवस दराला हात लावला नाही. मध्ये उत्तर प्रदेश, पंजाब, गोव्याच्या निवडणुका झाल्या, मध्येच रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कच्चं तेल मार्चमध्ये 139 डॉलरपर्यंत उसळलं. पंपावर शांतता. निकाल लागले, 22 मार्च 2022 ला 80 पैसे वाढले, आणि त्या दिवसापासूनच्या सोळा दिवसांत चौदा वाढी होऊन पेट्रोल 10 रुपयांनी चढलं. 6 एप्रिलला मुंबईत 120 रुपये 51 पैसे.

त्यानंतर कंपन्यांनी पुन्हा दर गोठवले ते मार्च 2024 पर्यंत. मधली शुल्ककपात सोडली तर जवळजवळ दोन वर्षं. मग लोकसभा निवडणूक जाहीर व्हायच्या तोंडावर 2 रुपये कमी झाले. याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

या गोठवणुकीचा आपल्याला काही काळ फायदाही झाला, हे सांगितलं नाही तर हिशेब अर्धवट राहील. 2022 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांचा मिळून 21 हजार कोटींहून जास्त तोटा झाला, कारण बाहेर तेल पेटलेलं होतं आणि पंपावरचा दर थांबवलेला. पुढे तेल उतरलं, दर तिथेच राहिला, आणि 2023-24 मध्ये याच तिघींचा नफा सुमारे 81 हजार कोटी रुपये झाला. तोटा भरून निघाला तरी दर खाली यायला निवडणुकीची वाट बघावी लागली.

बोजा कुणावर

पेट्रोल म्हणजे गाडीवाल्यांचं, खिसा गरम असणाऱ्यांचं इंधन, असा समज अजून आहे. 2014 च्या सुरुवातीला पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाने एक पाहणी प्रसिद्ध केली होती. देशात खपणाऱ्या पेट्रोलपैकी 61 टक्के दुचाकींच्या टाकीत जातं, असं त्यात निघालं. मोटारींच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश. पेट्रोल वाढतं तेव्हा पहिला फटका बसतो तो बाइक-स्कूटरवाल्याला.

समजा तुमचं कामाचं ठिकाण वीस किलोमीटरवर आहे. येऊन-जाऊन चाळीस, महिन्याला पंचवीस दिवस, हजार किलोमीटर. गाडी पन्नासचं ॲव्हरेज देते. वीस लिटर लागलं. मुंबईत 29 मे 2021 ला पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते 120 वर होतं. वीस रुपये वाढ म्हणजे या माणसाचे महिन्याला 400 रुपये. पार्सल पोचवणारा मुलगा रोज शंभर किलोमीटर फिरतो, त्याचे हजार. पगारदाराला निदान महागाई भत्त्याची आशा असते. डिलिव्हरीवाल्याच्या बाबतीत पेट्रोल त्याच्या कमाईतूनच जातं.

रिक्षावाल्याचं गणित आणखी अवघड, कारण त्याचा दर सरकारी समिती ठरवते आणि इंधनाचा दर कंपनी. मुंबईतल्या रिक्षा सीएनजीवर चालतात, त्यामुळे त्या पेट्रोलच्या कचाट्यातून सुटल्या असं वाटतं. मार्च 2021 मध्ये किमान भाडं 18 चं 21 झालं तेव्हा सीएनजी किलोला 49-50 रुपये होता. 1 एप्रिल 2022 ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला आणि दर 66 वरून 60 वर आला. पेढे वाटेपर्यंतही तो टिकला नाही. त्याच दिवशी केंद्राने देशी नैसर्गिक वायूचा दर 2.90 डॉलरवरून 6.10 डॉलर केला होता. महिनाअखेर सीएनजी 76 वर, ऑगस्टच्या सुरुवातीला 86 वर. भाडं मात्र 21 वरच. ते 23 झालं ऑक्टोबर 2022 मध्ये. रोज 120 किलोमीटर फिरणारी, किलोला तीस देणारी रिक्षा चार किलो गॅस खाते. 49 चा गॅस 80 झाला की दिवसाला सव्वाशे रुपये गेले. 'मीटरने येत नाही' म्हणून आपण रिक्षावाल्यावर चिडतो आणि बऱ्याचदा चिडणं रास्तही असतं. पण इंधन आज वाढतं आणि भाडं दीड वर्षाने, या मधल्या काळाचा खर्च तो कुठून तरी काढणारच. पुढची भाडेवाढ थेट फेब्रुवारी 2025 मध्ये झाली, 26 रुपये.

एसटीचं डिझेल ही अशीच एक विचित्र कथा. मार्च 2022 मध्ये कंपन्यांनी एसटीसारख्या घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे 25 रुपयांनी वाढवलं, पंपावरचा दर मात्र तोच ठेवला. मुंबईत घाऊक डिझेल 122 रुपये आणि रस्त्यावरच्या पंपावर 94. घाऊक घेणाऱ्याला स्वस्त मिळतं हा जगाचा नियम इथे उलटा झाला आणि मोठमोठे ग्राहक टँकर सोडून साध्या पंपावर रांगेत उभे राहिले.

आता डिझेल आणि भाजी. 'डिझेल वाढलं, भाजी महागली' हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की कुणी मोजतच नाही. मोजून पाहू. नाशिकहून दिल्लीला कांद्याचा ट्रक, अंतर तेराशे किलोमीटर, ॲव्हरेज चार, माल वीस टन. सव्वातीनशे लिटर डिझेल. ते 10 रुपयांनी वाढलं तर खेपेला 3,250 रुपये जादा. वीस हजार किलोत वाटले तर किलोमागे 16 पैसे. ट्रक रिकामा परत आला असं धरलं तरी 32 पैसे. त्यात शेतातला ट्रॅक्टर, बाजार समितीपर्यंतचा टेम्पो हे मिळवा, तरी फार तर रुपयाच्या आत-बाहेर. कांदा वीसचा चाळीस होतो तेव्हा कारण पावसात, साठ्यात किंवा निर्यातबंदीत शोधायचं; डिझेलचं नाव पुढे करणारा व्यापारी बाकीचे रुपये खिशात टाकत असतो. डिझेलची खरी मार बसते ती माल हलका आणि अंतर लांब असेल तिथे, आणि ट्रकमालकावर. त्याचं भाडं आधी ठरलेलं असतं, डिझेल रस्त्यात महागतं.

लिटरचा दर आणि किलोमीटरचा दर

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला जो दरफलकावर दिसतच नाही. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. महाराष्ट्रात याचं स्वागत झालं, साखर कारखान्यांना उसाच्या पैशाची नवी वाट मिळाली, परकी चलन वाचलं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं की जुन्या रचनेच्या मोटारींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्क्यांनी घटू शकतं. 10 टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या आणि 20 टक्क्यांना जुळवून घेतलेल्या मोटारींचं 1 ते 2 टक्के. शंभर रुपयांच्या पेट्रोलवर 3 टक्के ॲव्हरेज गेलं तर लिटरमागे तीन रुपये वाढल्यासारखंच झालं, फक्त बातमी आली नाही. मिसळलेलं पेट्रोल स्वस्त मिळेल ही आशाही फळली नाही: जुलै 2025 अखेर कंपन्यांना इथेनॉल सरासरी 71 रुपये 32 पैसे लिटरने पडत होतं, म्हणजे करापूर्वीच्या पेट्रोलपेक्षा महाग.

म्हणून लिटरच्या दराबरोबर आपला किलोमीटरचा दर माहीत असावा. टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं ते पाहून भागाकार करा. असं दोन-तीन वेळा केलं की खरं ॲव्हरेज कळतं. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा आशावादी असतो. शंभरऐवजी एकशे दहाचं पेट्रोल टाकलं की जास्त मिळतं, पहाटे भरलं की दाट मिळतं, यात वेळ घालवू नका. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा तपासणं याहून जास्त कामाचं.

आणि मापावर संशय आलाच, तर 'मीटर झिरो बघा' एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं. त्याहून कमी भरलं, किंवा माप दाखवायलाच नकार दिला, तर पंपाचं नाव, नोझलचा नंबर, वेळ आणि पावती घेऊन वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.